जत्रेतलं गाऱ्हाणं

दहिसर (पूर्व)
६ जानेवारी २०२५

जान्हवी,

'प्रिय' लिहिणार होते, पण म्हटलं तू तिथेच पत्र बंद करशील. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, त्या दोन निळ्या खुणा दिसतात मला, आणि पुढे नाशिकात सगळं सामसूम. म्हणून आज पोस्टात गेले. पाकीट आणि तिकीट मागितलं तर खिडकीतल्या बाईने शेजारणीला बोलावून मला दाखवलं. दिवसभर कुरिअरच्या काउंटरवर बसणारी मी पोस्टाच्या रांगेत उभी राहते, यात हसण्यासारखं आहे हे मलाही कळतं. पण कुरिअरच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव छापून येतं आणि तू ते तसंच परत पाठवलं असतंस. शेवटी तू धाकू घाडींची मुलगी आहेस.

भाऊबीजेला जे झालं त्यावर मी न्याय करायला बसलेली नाही. तू ताट हातात घेऊन जयवंतला म्हणालीस, दादा, बाबांना एकदा डॉक्टरला दाखव, ते विसरायला लागलेत. तो म्हणाला, माझ्या बापाला वेडा ठरवायला आलीस का. तू ताट पाटावर ठेवलंस आणि न ओवाळता निघून गेलीस. मी मध्ये उभी होते, माझ्या हातात करंज्यांचा डबा होता. तो डबा तुझ्यासाठी होता, तोही राहिला.

आता कामाचं सांगते. आपल्या कोकणातल्या गावच्या मुंबई मंडळाची वार्षिक सहल एकोणीस तारखेला आहे. दरवर्षी देवस्थान असतं, यंदा तरण्या पोरांनी बंड केलं. हायवेला वसईच्या पुढे पाळणे आणि पाण्याचे खेळ असलेलं नवीन थीम पार्क झालंय, तिथे जायचं ठरलं. नाव इंग्रजी आणि इतकं लांब आहे की बाबा त्याला जत्राच म्हणतात. सेक्रेटरी राजेश म्हणतो बस भरली पाहिजे, शेजारीपाजारी, मित्रमंडळी सगळ्यांना आणा. माझी समोरच्या दारातली संघमित्रा येतेय. तू पण ये. एक दिवसाचा तर प्रश्न आहे.

बाबा मजेत आहेत. दाराला वरच्या बाजूला नवीन कडी लावलीय, बिल्डिंगमध्ये चोऱ्या वाढल्यात म्हणून. बाबा हल्ली एकटे खाली जात नाहीत, गुडघे दुखतात म्हणून. दुपारी संघमित्रा तिची सकाळची शाळा आटपून आमच्याकडे येऊन बसते, आमच्याकडे वारा चांगला येतो म्हणून. बाकी सगळं पूर्वीसारखंच आहे.

तू आलीस तर बरं होईल. बाबांच्या सोबत कोणीतरी राहील, मला पाण्यात डुंबता येईल.

सुलक्षणावहिनी


दहिसर
१५ जानेवारी

जान्हवी,

सोबत तिळाच्या वड्या आहेत. पोस्टाने चुरा झाला असेल तर चमच्याने खा आणि गोड बोल.

तुझं उत्तर नाही. राग आहे, समजू शकते. पण मागचं पत्र टाकल्यापासून मला आत खात होतं, म्हणून हे दुसरं लिहितेय. बिल्डिंगमध्ये चोऱ्या वाढलेल्या नाहीत गं. ती कडी बाबांसाठी आहे. डिसेंबरात एकदा सकाळी ते मिलमध्ये जायचंय म्हणून डबा मागत होते. मिल बंद पडून किती वर्षं झाली ते तुलाच माहीत. मी डबा दिला नाही तर ते तसेच निघाले आणि नदीच्या पुलापाशी रिक्षावाल्यांना लालबाग कुठे म्हणून विचारत बसले. त्या दिवशी जयवंतने कडी लावली आणि मला सांगितलं, मंडळात यातलं अवाक्षर जाता कामा नये. जानूलाही नाही.

तो दुष्ट नाही. हे तुला मी सांगायला नको. लग्नानंतर एकदा त्याने मला तातूकाकांची गोष्ट सांगितली होती. तुला आठवतात? म्हातारपणी स्वतःचं घर विसरायचे आणि वाडीतली पोरं त्यांना मुद्दाम उलटी वाट दाखवून हसायची. जयवंत त्या पोरांत होता. आता त्याला वाटतं, एकदा का कळलं की लोक आपल्या बाबांना तसेच हसणार. डॉक्टरकडे गेलं म्हणजे ते खरं झालं, असं त्याच्या डोक्यात बसलंय. मी विषय काढला की तो टीव्हीचा आवाज वाढवतो.

आणि रविवारी बाबांना घेऊन त्या गर्दीत जायचंय. मी म्हटलं, त्यांना घरी ठेवू, मी थांबते. तर म्हणाला, बाबांशिवाय सहल निघालीय का कधी, गाऱ्हाणं कोण घालणार. हेही खरंच. संघमित्राला गाऱ्हाणं म्हणजे तक्रारच वाटली होती. तिला समजावलं की आमच्याकडे काहीही सुरू करायच्या आधी देवाला हाक मारून सगळ्यांचं बरं मागतात, एकजण म्हणतो आणि बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणतात, आणि तो एकजण म्हणजे आमचे बाबा. ती म्हणाली, मग मला ऐकायचंय.

मला भीती वाटते, जानू. एवढंच सांगायचं होतं. तू ये किंवा नको येऊस, पण एकदा दादाला फोन कर. तुझं तो ऐकणार नाही, पण माझं तर अजिबातच ऐकत नाही.

वहिनी


दहिसर
२० जानेवारी

जानू,

बाबा घरी आहेत, धडधाकट आहेत, आत्ता माझ्यासमोर पेज भुरकतायत. हे आधी लिहिलं म्हणजे बाकीचं तू नीट श्वास घेऊन वाचशील. काल ते हरवले होते आणि सापडले.

सकाळ झकास गेली. गेटवर मात्र घोळ झाला. राजेशच्या पिशवीत गाऱ्हाण्याचा नारळ होता. सिक्युरिटीवाला म्हणाला, बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत. राजेश म्हणाला, देवाचा आहे. तो म्हणाला, फोडल्यावर खाणारच ना तुम्ही. नारळ त्याच्या टेबलाखाली गेला, बदल्यात राजेशला एक टोकन मिळालं. मागून रांग ढकलत होती, त्यात गाऱ्हाणं राहूनच गेलं. बाबा तेवढे आत येऊन थांबले आणि मला म्हणाले, "जागेवाल्याक काय्येक सांगूक नाय. परक्याच्या जाग्यात असा शिरतत?" संघमित्राने विचारलं जागेवाला कोण. म्हटलं, प्रत्येक जागेचा एक राखणदार असतो, त्याची परवानगी घ्यायची आणि मग देवाला हाक मारायची. ती म्हणाली, इथला तर फायबरचा असेल.

दुपारपर्यंत सगळे पाण्यात. बाबांपाशी जयवंत बसला होता, सावलीत, खुर्ची टाकून. तिथे राजेश येऊन त्याला चिडवायला लागला, काय रे, बापाला सांभाळतोस की बाप तुला, चल त्या मोठ्या पाळण्यात. सांभाळतोय असं कबूल कसं करणार? बाबांना म्हणाला, इथेच बसा, आलोच. पाळण्याला ही लांब रांग. संघमित्रा आणि मी कपडे बदलून आलो तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि खुर्चीपाशी बाबांची एक चप्पल होती.

मी त्या चपलेकडे बघतच राहिले. संघमित्राने मला दंडाला धरून हलवलं तेव्हा भानावर आले आणि चप्पल उचलून घेतली. आम्ही खाण्याचे स्टॉल पाहिले, पुरुषांच्या टॉयलेटबाहेर उभं राहून हाका मारल्या, पाण्याच्या कडेला तर मी नुसती बघत सुटले होते. तिकडचं मी लिहीत नाही. जयवंत भेटला तोही पाण्यात शोधून आलेला, ओल्या कपड्यांत, त्याचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. तिघंही मदत केंद्रावर गेलो. तिथली मुलगी चांगली होती. तिने रंग, उंची, कपडे सगळं विचारलं आणि मग म्हणाली, अंकलना काही आजार आहे का, विसरतात वगैरे? जयवंत म्हणाला, छे, एकदम फिट आहेत. ती म्हणाली, मग फिरत असतील, येतील, मी अनाउन्समेंट करते. तिने केलीसुद्धा, हिंदीत आणि इंग्रजीत, मिस्टर धाकू घाडी, जिथे असाल तिथून मदत केंद्रावर या. आता मला सांग, बाबांना आयुष्यात कोणी मिस्टर म्हटलंय?

बाहेर हायवे होता, जानू. ट्रकचा आवाज आतपर्यंत येत होता. मी जयवंतकडे पाहिलं. तो समोर भिंतीवरच्या कार्टूनकडे बघत होता. मग मीच म्हणाले, "विसरतात. त्यांना आजार आहे. कोणीही बोट धरलं तर त्याच्याबरोबर बाहेर जातील." हे मी मोठ्याने म्हणाले, मागे राजेश आणि मंडळाचे चार जण उभे होते त्यांनी ऐकलं. जयवंतने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हा इथेच माझ्यावर ओरडणार. पण तो वळला आणि गेटच्या दिशेने पळत सुटला. त्या मुलीने लगेच वॉकीटॉकीवर सगळ्या गेटना सांगितलं, म्हाताऱ्या माणसाला एकटं बाहेर सोडू नका.

मग माइक मी मागून घेतला. बाबा, मी सुलू, इकडे या, असं दोनतीनदा म्हटलं. काही नाही. संघमित्रा कानाशी म्हणाली, "अगं, नाव विसरले असतील. जे विसरत नाहीत ते बोल ना."

मला एकच सुचलं. माझं माहेर पालघरचं, मालवणी तुमच्या घरात येऊन शिकले, आणि घाड्यांच्या घरात बाईने कधी गाऱ्हाणं घातलेलं मी पाहिलेलं नाही. तरी सुरुवात केली. हे देवा रवळनाथा, हे आई सातेरी, आज तुझी लेकरां ह्या जत्रेक इली हत, आमचो म्हातारो खयतरी चुकलो हा, तेका वाट दाखय, रे म्हाराजा. मी थांबले. आणि कुठूनतरी, त्या मोठ्या पाळण्याच्या रांगेतून बहुतेक, आवाज आला, 'होय म्हाराजा'. मग मक्याच्या कणसांच्या स्टॉलपाशी. मग पाण्यातून. आपली माणसं जिथे होती तिथून ओरडत होती. त्यांना काय झालंय हे माहीतही नव्हतं, कोणी म्हाराजा म्हटलं की होय म्हणायचं एवढंच त्यांना ठाऊक. मी पुढे बोलत गेले. तोंडाला येईल ते मागत होते, जे काय मागायचं राहिलं असेल ते सगळं.

तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या हातातला माइक ओढला. पायात एकच चप्पल, धोतराला चिखल, आणि बाबा भयंकर संतापलेले.

"ह्यां गाऱ्हाणा कोण घालता? जागेवाल्याचा नाव कोणी घेवचा? थेट रवळनाथाक हाक मारतत?"

जानू, इतकी वर्षं मी त्यांचं बोलणं खाल्लंय, पण इतकं गोड कधी लागलं नव्हतं. त्या फायबरच्या डोंगरामागे एक खरं आंब्याचं झाड राहिलंय, तिथे ते बसले होते म्हणे, जागेवाल्याची जागा शोधत. त्यांनी माइक तोंडाशी धरला आणि पहिल्यापासून सगळं गाऱ्हाणं नीट घातलं. या जागेचा जो कोण राखणदार असेल त्याला आधी, मग रवळनाथ, मग सातेरी, मग गावच्या सगळ्या शिवांवरचे देव. एका शब्दालाही अडखळले नाहीत. त्या मुलीला माइक परत मागायची हिंमत झाली नाही. गुजराती, पंजाबी, जे कोण आइस्क्रीम खात उभे होते तेही शेवटी 'होय म्हाराजा' म्हणायला लागले. संघमित्रा पण म्हणत होती आणि डोळे पुसत होती.

जयवंत धावत आला तेव्हा ते संपत आलं होतं. बाबांना बघून तो खांबाला धरून उभा राहिला. आणि मग मला म्हणाला, "बघितलंस? सगळं तोंडपाठ आहे. काही झालेलं नाहीये त्यांना. उगाच तमाशा केलास तू." मला वाटलं, संपलं. हा माणूस आता कधीच मानणार नाही. उद्या कडीच्या वर आणखी एक कडी लागेल आणि परवा बाबा कुठे असतील कोणास ठाऊक.

बाबांनी माइक खाली ठेवला, जयवंतकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "जयवंता, आयेक घराकडे एकटी सोडून इलास?"

सगळं मंडळ भोवती होतं. त्यातल्या प्रत्येकाने आईंना खांदा दिला होता. राजेश खाली बघायला लागला. मी जयवंतचा हात धरायला गेले, पण तो पुढे झाला. त्याने माझ्याकडून चप्पल घेतली, वाकून बाबांच्या दुसऱ्या पायात घातली आणि म्हणाला, "नाही बाबा. जानू आहे तिच्याजवळ."

"जानू हा? मग काय काळजी नाय," बाबा म्हणाले, आणि त्यांना भूक लागल्याचं सांगितलं.

परतीच्या बसमध्ये जयवंत त्यांच्या शेजारी बसला. दहिसर नाक्याला गाडी अडकली तेव्हा मागे वळून मला म्हणाला, जानूला फोन लाव. लावला. तू उचलला नाहीस. मी म्हटलं, पत्र लिहिते, आधीही दोन लिहिली आहेत. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, मग यात लिही, दादा म्हणाला तू बरोबर होतीस. म्हणून लिहिलं. अक्षर माझं आहे, वाक्य त्याचं.

मला आज इतकं हलकं वाटतंय की त्याची लाज वाटते. आजार तर आहेच ना. पण लपवायचं ओझं गेलं, आणि ते आजारापेक्षा जड होतं हे आता कळतंय.

तुझी
वहिनी


दहिसर
१ फेब्रुवारी

प्रिय जानू,

आता फोन सुरू झालाय तरी पत्र लिहितेय. कारण जे सांगायचंय ते फोनवर बोलायला गेले तर माझा आवाज जाईल, आणि हा शेजारीच बसलेला असतो.

तुझा फोन आला तेव्हा तुम्ही दोघं बहीणभाऊ काय बोललात देव जाणे. मला ऐकू आलं ते एवढंच की तो म्हणाला, जेवलीस का. तुमच्या घरात माफी अशीच मागतात हे मला एव्हाना कळलंय.

बोरिवलीच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुला त्याने कळवलं आहेच. बरं होणारं नाही, पण गोळ्यांनी थोडं थांबवता येईल, आणि थोडं थांबलं तरी खूप आहे. त्यांनी जयवंतला एक गोष्ट स्पष्ट सांगितली, की हे घरात कोंडून सांभाळता येणार नाही, आजूबाजूच्या लोकांना माहीत पाहिजे. चारपाच दिवस तो नेहमीसारखा ऑफिसला जात राहिला. मी विचारलं नाही, कारण विचारलं की टीव्ही मोठा होतो हे मला माहीत आहे.

काल संध्याकाळी ऑफिसातून आला आणि चहा न घेता परत खाली गेला. मी खिडकीतून पाहिलं. आधी वॉचमनपाशी थांबला, मोबाइलवर काहीतरी दाखवत होता. मग इस्त्रीवाल्याकडे. मग किराणावाल्या शहांकडे. मग रस्ता ओलांडून रिक्षास्टँडला, तिथे बराच वेळ उभा होता, सगळे रिक्षावाले त्याच्याभोवती. मग तो दिसेनासा झाला. नंतर राजेशच्या बायकोचा फोन आला की भावजी आमच्याकडे येऊन गेले, तेव्हा मला कळलं तो कुठे कुठे गेला होता ते.

वर आला तेव्हा बाबा बातम्या बघत होते. त्याने पाणी मागितलं. मी दिलं, तर ग्लास नुसता हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"सगळ्यांना सांगितलं," तो म्हणाला. "फोटो दाखवला आणि सरळ सांगितलं. माझ्या बाबांना विसरायचा आजार आहे. एकटे दिसले तर हात धरून बसवा आणि मला फोन करा."

मी म्हटलं, मग?

"कोणी हसलं नाही गं, सुलू," तो म्हणाला. "एक माणूस हसला नाही."

आणि मग तो रडला, जानू. ग्लास मी त्याच्या हातातून काढून घेतला.

तुझी
सुलक्षणा